सिनियरचं ऑफिस आणि ज्युनियर वकील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात आली, काळा कोट शिवून झाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बसायचं कुणाच्या ऑफिसात? जिल्हा आणि तालुका कोर्टांत नव्याने येणारी मुलंमुली, त्यांचे आईवडील, आणि ज्युनियर ठेवावा की नाही अशा विचारात असलेले वकील, यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं दिवाणी कोर्टातल्या रोजच्या कामातून आलेली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. ज्युनियर ठेवणं म्हणजे सिनियरने केलेले उपकार नव्हेत. दोघंही घेतात आणि दोघंही देतात, आणि हे मान्य केलं की मानधनापासून मसुद्यापर्यंतचे बरेच वाद सुटतात.

सनद मिळाली, बारची परीक्षाही पास झालो. सिनियरकडे बसायलाच हवं का?

कायद्याने नाही. १९९५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नोंदणीआधी एका वर्षाच्या प्रशिक्षणाची अट घातली होती. सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये ती रद्द केली, कारण वकील कायदा, १९६१ मध्ये असा नियम करण्याचा अधिकारच कौन्सिलला उरलेला नव्हता. त्यामुळे आज सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा झाली की तुम्ही स्वतःच्या नावाने वकीलपत्र दाखल करू शकता.

पण पुकारा झाल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, समोरच्या वकिलाने मुदत मागितली तर हरकत कधी घ्यायची आणि कधी सोडून द्यायची, निशाणी ५ चा (निशाणी म्हणजे कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक) तात्पुरत्या मनाईचा अर्ज आजच चालवायचा की आधी जागेची पाहणी करणारा कोर्ट कमिशनर मागायचा, अशिलाने सांगितलेल्या गोष्टीत कुठे काहीतरी गाळलं आहे हे कसं ओळखायचं, यांतलं काहीच दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलेलं नाही. ते चालत्या फाइलीवर, कुणाच्या तरी शेजारी बसूनच येतं. एकट्याने शिकायला गेलात तर शिकण्याची किंमत तुमचा अशील मोजतो. म्हणून मी प्रत्येकाला बसाच असं सांगते.

ज्युनियरचा फायदा कळतो. सिनियरला नक्की काय मिळतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

सरळ दिसणारा फायदा म्हणजे वेळ. सकाळी अकराला बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीवर, तीन कोर्टांत तीन प्रकरणं असतात. एका ठिकाणी युक्तिवाद चालू असताना दुसरीकडे हजर राहून 'मॅडम वरच्या कोर्टात आहेत, थोड्या वेळाने घ्यावं' असं सांगणारं माणूस नसेल तर दावा काढून टाकला जाऊ शकतो किंवा एकतर्फा हुकूम होऊ शकतो. पण तेवढ्यासाठी ज्युनियर ठेवला तर मिळण्यासारखं बरंच काही हातचं जातं.

१ जुलै २०२४ ला जुन्या कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, तेव्हा हे प्रत्येक ऑफिसात दिसलं. ४२० म्हणजे फसवणूक, ४३८ म्हणजे अटकपूर्व जामीन हे ज्यांच्या जिभेवर बसलं होतं, त्यांना ३१८(४) आणि ४८२ नव्याने बसवावं लागलं. त्यात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. ते आता ५२८ मध्ये गेले. ज्यांची प्रॅक्टिस जुन्या आकड्यांवर उभी होती त्यांचा गोंधळ उडणं साहजिक होतं. नवी मुलं मात्र नवे आकडे घेऊनच येतात. उलट १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते, आणि त्या कायद्यावरचे निवाडे सिनियरच्या डोक्यात असतात. दोघांनी शेजारी बसून आरोपपत्र वाचलं की दोघांचीही उणी बाजू भरून निघते.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचंही तसंच. व्हॉट्सॲपचे मेसेज किंवा सीसीटीव्हीचं फुटेज पुराव्यात आणायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग पक्षकार भरतो, दुसरा तज्ज्ञ, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, त्यात लिहावी लागते. हॅश म्हणजे काय आणि ती कशी काढायची हे माझ्या ज्युनियरने मला संगणकावर करून दाखवलं. ते प्रमाणपत्र कोणत्या टप्प्यावर दाखल करायचं, आणि ते सिद्ध करायला कोणता साक्षीदार उलटतपासणीत टिकेल, हे मी तिला सांगितलं.

आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे ताजी नजर. एका वाटपाच्या दाव्याचा मसुदा करायला घेतला होता. सातबारे, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी), वंशावळ सगळं फाइलला लावलेलं. ज्युनियर मुलगी शेतकऱ्याच्या घरातली. तिने फेरफार तारखेप्रमाणे टेबलावर ओळीने मांडले आणि विचारलं, "मॅडम, या आत्याचं नाव वारसाच्या फेरफारात आहे, पुढच्या फेरफारात नाही. कमी कशावरून झालं?" शोध घेतल्यावर कळलं, की हक्कसोड म्हणून तलाठ्याकडे साध्या कागदावर जबाब दिलेला होता, दस्त नोंदवलेलाच नव्हता. अशिलाने तो विषय काढलाच नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने आत्याचा हिस्सा कधीच संपला होता. आत्याला पक्षकार केलं नसतं तर आवश्यक पक्षकार नाही अशी हरकत कैफियतीच्या, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराच्या, पहिल्याच पानावर आली असती आणि हिश्शांचं गणितही फिरलं असतं. तिने घरी बापाच्या आणि चुलत्यांच्या बोलण्यात फेरफाराचे वाद ऐकलेले होते, म्हणून तिचं बोट नेमकं तिथे गेलं. कायद्याचं ज्ञान माझ्याकडे जास्त होतं, पण तो प्रश्न तिच्याकडून आला.

शिकवताना स्वतःची समज पक्की होते हेही खरंच आहे. 'का?' असं विचारणारं कुणी समोर नसेल तर आपण वर्षानुवर्षं तोच नमुना वापरत राहतो. पर्सिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) अशीच का लिहायची, हा परिच्छेद प्रत्येक वादपत्रात का, हे सांगायला लागलं की जुनी वाक्यं आपोआप गळतात.

दोघांनाही लाभलेलं एखादं मोठं उदाहरण आहे का?

मुंबई हायकोर्टातलं सर जमशेदजी कांगा यांचं चेंबर. कांगा मुंबईचे ॲडव्होकेट जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील होते. चाळीसच्या दशकात नानी पालखीवाला त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून आले आणि १९५० मध्ये आयकर कायद्यावरचा जो ग्रंथ निघाला त्यावर दोघांची नावं होती. ज्युनियरची मेहनत सिनियरच्या नावाखाली गडप होणं सोपं असतं. इथे ते झालं नाही. पुढे पालखीवालांनी त्या ग्रंथाच्या आवृत्त्या चालवल्या आणि करकायद्याची प्रॅक्टिस करणारे वकील आजही तो 'कांगा-पालखीवाला' म्हणूनच मागतात. कांगांचं नाव नव्या पिढ्यांच्या टेबलावर राहिलं ते ज्युनियरमुळे, आणि कोवळ्या वयात पालखीवालांचं नाव अशा ग्रंथावर आलं ते सिनियरमुळे.

याच चेंबरमधून एच. एम. सीरवई, फली नरिमन, सोली सोराबजी आले. संसद घटना किती बदलू शकते या प्रश्नावरच्या केशवानंद भारती प्रकरणात तेरा न्यायाधीशांपुढे ६८ दिवस सुनावणी चालली. त्यात याचिकाकर्त्यांच्या बाजूने पालखीवाला होते आणि केरळ सरकारच्या बाजूने सीरवई. एकाच चेंबरमध्ये घडलेले दोन वकील घटनेच्या सगळ्यांत मोठ्या प्रश्नावर आमनेसामने उभे राहिले. चांगला सिनियर स्वतःच्या प्रती काढत नाही, याचा मला हा सगळ्यांत भक्कम पुरावा वाटतो.

सिनियर निवडायचा कसा?

आठ-पंधरा दिवस कोर्टात मागच्या बाकावर बसा. कुणाची फाइल नीट लावलेली असते, कोण समोरच्या वकिलाशी आणि पट्टेवाल्याशीही सारख्याच आदराने बोलतं, हे दिसतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचे ज्युनियर बघा. ते उभे राहून बोलतात की नुसत्या पिशव्या उचलतात? त्या ऑफिसातून बाहेर पडलेले वकील आज स्वतःच्या पायावर उभे आहेत का? ते आजही त्या ऑफिसात जाऊन बसतात का? शक्य असेल तर त्यांच्यापैकी एकाशी चहा घेत बोला.

मोठं नाव म्हणजे चांगला गुरू असं समजू नका. शंभर प्रकरणांच्या ऑफिसात दहावे ज्युनियर होण्यापेक्षा मध्यम प्रॅक्टिसच्या, पण रोज संध्याकाळी अर्धा तास फाइलवर बोलणाऱ्या वकिलाकडे पहिलं वर्ष जास्त फळतं.

मला फक्त तारखा घ्यायला पाठवतात. याला शिकणं म्हणायचं का?

पहिले काही महिने, हो. तारीख घेताना शिरस्तेदार, बेंच क्लार्क, नकल विभाग, नाझर, बेलिफ यांची ओळख होते आणि कोर्ट चालतं कसं हे समजतं. प्रत्येक वेळी रोजनामा, म्हणजे प्रकरणात त्या त्या तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, वाचा आणि तारीख कशासाठी पडली हे स्वतःच्या डायरीत लिहा: समन्स बजावणी नाही, कैफियत बाकी, साक्षीदार गैरहजर. ही डायरी काही महिन्यांनी चाळलीत तर दावे नेमके कुठे अडतात याचा नकाशा तयार झालेला असतो.

वर्ष उलटलं आणि अजूनही तारखाच, तर मात्र ते शिकणं थांबलं. अशा वेळी मोघम तक्रार करू नका, नेमकी मागणी करा. 'मला विलंब माफीचा हा अर्ज चालवू द्या.' 'पंचाची उलटतपासणी मी तयार करून आणते, तुम्ही तपासा.' बहुतेक सिनियर नाही म्हणत नाहीत. त्यांना ते सुचलेलं नसतं. नेमक्या मागणीलाही सारखा नकारच येत असेल तर दुसरं ऑफिस बघायला लागा.

मसुदा लाल शाईने भरून परत येतो, पण का ते कुणी सांगत नाही.

तुमचा मसुदा आणि दाखल झालेला मसुदा शेजारी ठेवा. आधी बदलाची कारणं स्वतः शोधा, मग न उमगलेले दोन-तीन बदल घेऊन विचारा. सगळं विचारायला गेलात तर वेळ मिळणार नाही. तीन विचारलेत तर मिळतो. सिनियरना माझी विनंती अशी की प्रत्येक मसुद्यात निदान एका बदलाचं कारण समासात लिहा. पुढच्या वेळी तेवढी लाल शाई कमी लागेल, म्हणजे वेळ तुमचाच वाचेल.

मानधन किती मिळायला हवं?

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं: शहरी भागात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात किमान १५,००० रुपये, निदान पहिली तीन वर्षं. ही शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या अनेक वकिलांना एवढी रक्कम दर महिन्याला काढणं जड जातं, हे मी जवळून बघते.

तरीही 'शिकायला मिळतं ना, मग पैसे कशाला?' हे मला अजिबात मान्य नाही. ज्युनियरने सांभाळलेल्या तारखेची फी सिनियरला मिळालेली असते. आणि बिनपैशांनी तीन वर्षं काढणं कुणाला परवडतं? ज्याच्या घरात आधीच वकील आहे, शहरात स्वतःचं घर आहे, त्यालाच. गावाकडून आलेली, खोलीचं भाडं आणि खानावळीचे पैसे भरणारी मुलं वर्षभरात निघून जातात. कुणी नोकरी धरतं, कुणी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जातं. फेरफार वाचणारी नजर त्यांच्याकडेच असते आणि आपण तीच घालवून बसतो.

पूर्ण रक्कम जमत नसेल तर जे जमेल ते ठरलेल्या तारखेला द्या, आणि ज्युनियरने ज्या प्रकरणात खरोखर काम केलं त्याच्या फीमधला वाटा द्या. प्रवास, झेरॉक्स, कोर्ट फी स्टॅम्प यांचा खर्च त्याच्या खिशातून जाऊ देऊ नका. हे सगळं पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. ज्युनियरनेही विचारताना संकोचू नये.

ज्युनियर शिकतो आणि निघून जातो. मग सिनियरने वेळ का घालवावा?

कारण तो जातो तेव्हा नातं संपत नाही. बाहेर पडलेला ज्युनियर दुसऱ्या तालुक्यात बसला की तिथली कामं तुम्ही विश्वासाने त्याच्याकडे पाठवता, आणि अपिलाचं काम आलं की तो तुमच्याकडे. समोरच्या बाजूने उभा राहिला तर तडजोडीचं बोलणं एका फोनवर होतं, कारण दोघंही एकमेकांच्या शब्दाची किंमत जाणतात. आजारपणात, घरच्या अडचणीत तुमचं बोर्ड सांभाळायला पहिला तोच येतो. दोन पिढ्या एकमेकांची प्रकरणं चालवताना मी पाहिल्या आहेत.

राहिला प्रश्न अशील पळवण्याचा. आधीच्या वकिलाची संमती असल्याशिवाय त्याच प्रकरणात दुसऱ्याने वकीलपत्र दाखल करायचं नाही, आणि संमती मिळाली नाही तर कारण देऊन कोर्टाची परवानगी मागायची, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. त्यामुळे चालू फाइली बिनबोभाट उचलून नेता येत नाहीत. पण अशील कुणाच्या मालकीचा नसतो. ज्याने तीन वर्षं आपली फाइल सांभाळली त्याच्याकडेच जायचं असं तो म्हणाला, तर नाहरकत अडवून धरू नये.

न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं भरायची आहेत. नावापुरतं ऑफिस चालेल का?

२० मे २०२५ च्या निकालाने सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात. जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस असेल तर किमान दहा वर्षं झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र आणि त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं पृष्ठांकन (दुजोऱ्याची सही), असा मार्ग निकालात दिला आहे.

नावापुरतं बसून प्रमाणपत्र मागणं आणि ते देणं, दोन्ही चूक. प्रमाणपत्रावर सही करणारा वकील खोटं लिहून देतो, आणि उद्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला साक्षीदार का घाबरतो, तारखेपायी अशिलाची मजुरी कशी बुडते, हे कधीच कळत नाही. सिनियरनेही या सहीचा धाक दाखवून फुकट राबवून घेऊ नये. खरं काम केलेल्याला सही मागायला दोनदा यावं लागू नये.

मुलीला सिनियरकडे पाठवताना घरचे घाबरतात. काय बघावं?

ऑफिसात इतर स्त्रिया काम करतात का, कामाची वेळ ठरलेली आहे का, कॉन्फरन्स कुठे होतात, हे सरळ विचारा. रात्री उशिरा फाइल वाचायला थांबायला लागणार असेल तर घरी पोचवण्याची व्यवस्था सिनियरने करायची. मुलींना नुसतं टायपिंग आणि कौटुंबिक न्यायालयाच्या तारखा, आणि मुलांना उलटतपासणी, अशी वाटणी दिसली तर ते ऑफिस सोडा. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचं दार उघडलं. शंभर वर्षांनंतरही कुणी तुम्हाला मागच्या बाकावरच बसवत असेल तर ते सोसायचं कारण नाही. कुणी मर्यादा ओलांडली तर बारमधल्या ज्येष्ठ स्त्री वकिलांना लगेच सांगा. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार वकील कायद्याच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे करता येते, आणि गुन्हा घडला असेल तर पोलिसांत जायला कुणाच्याही परवानगीची गरज नाही.

सिनियर कोर्टात चुकीचा आकडा सांगतायत असं लक्षात आलं तर?

चिठ्ठी. निशाणी क्रमांक आणि पान नंबर लिहून हळूच पुढे सरकवा. स्वतः उठून दुरुस्ती करू नका. आणि गप्पही बसू नका, कारण चुकीचं विधान रोजनाम्यात गेलं तर ते अशिलाला भोवतं. चिठ्ठी मिळाल्यावर 'माझ्या सहकाऱ्यांनी लक्षात आणून दिलं' असं मोठ्याने म्हणणारे सिनियर मी पाहिले आहेत. तेवढ्या एका वाक्याने त्या ज्युनियरकडे बघण्याची न्यायाधीशांची नजर बदलते.

जाणूनबुजून खोटं प्रतिज्ञापत्र तयार करायला सांगितलं तर नाही म्हणायचं. सनद तुमचीही आहे.

ऑफिसातल्या गोष्टी बाहेर बोललं तर चालतं का?

नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे अशिलाने वकिलाला सांगितलेलं गुपित ठेवण्याचं बंधन वकिलाबरोबर त्याच्या कारकुनावर आणि नोकरांवरही आहे, आणि ते काम संपल्यावरही टिकतं. बार रूममधल्या गप्पा, व्हॉट्सॲप स्टेटस, फाइलचा फोटो, सगळं यात आलं.

आमच्या ओळखीत एकही वकील नाही. सुरुवात कुठून करायची?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत गरजू आरोपींना मोफत वकील देणारी लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत; तिथे मुख्य, उप आणि सहायक अशी उतरंड आहे. सहायकाची जागा मिळाली तर फौजदारी कामाचा खरा सराव होतो, वर अनुभवी माणूस असतो आणि मानधन ठरलेलं असतं. जागा नसेल तर बार असोसिएशनच्या वाचनालयात बसायला लागा. ज्येष्ठ वकील तिथे संदर्भ शोधायला येतातच. निवाडा शोधून द्यायला मदत केलीत की ओळख होते.

एकाच वेळी दोघांकडे बसलं तर?

दोघांना माहीत असेल आणि एकाच प्रकरणात दोघं समोरासमोर नसतील तर चालतं. एकाकडे दिवाणी आणि दुसऱ्याकडे फौजदारी, अशी सोय लहान गावांत बऱ्याच जणांनी केलेली असते.

बाहेर कधी आणि कसं पडावं?

एखादा दावा वादपत्रापासून हुकूमनाम्यापर्यंत तुम्ही स्वतः नेलेला असेल, आणि महिन्याचा खर्च भागेल एवढी स्वतःची कामं असतील, तेव्हा. सिनियरला निदान दोन-तीन महिने आधी सांगा. जाण्यापूर्वी तुमच्याकडच्या प्रत्येक फाइलची यादी करून द्या: दावा क्रमांक, पुढची तारीख, कोणत्या टप्प्यावर आहे, कोणती नकल मागितली आहे, अशिलाकडून कोणता कागद यायचा आहे. नवा ज्युनियर आला असेल तर त्याला एकदा सोबत घेऊन सगळ्या कोर्टांतून फिरा आणि बेंच क्लार्कशी ओळख करून द्या.